मामाच्या कानातलं दुकान

सध्या आमच्या गल्लीत अशी बातमी आहे की माझा मामा चोरीच्या फोनांचं लॉक फोडतो. बातमीचा उगम लाँड्रीवाला. तो कुठलीही गोष्ट 'मी सांगत नाही' असं म्हणूनच सांगतो. "मी काही सांगत नाही हं, पण भर दुपारी शटर अर्धं खाली. आत मशीनवाले, त्यांची ती भाची, आणि वायर लावलेला फोन. वर मशीनवाल्यांना दरदरून घाम! आता मला सांगा, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन बघून घाम का फुटावा? मी काही म्हणत नाही." शेवटच्या 'म्हणत नाही'वर तो इस्त्री दाणकन आपटतो. घरी करून दाखवताना मी इस्त्रीच्या जागी उशी घेते.

यातलं शटर खरं, वायर खरी, घाम तर शंभर टक्के खरा. चोरी तेवढी खोटी. फोन मामाचा स्वतःचाच होता, आणि इतका जुना की चोराने नेला असता तर दुसऱ्या दिवशी आणून दिला असता, वर सॉरी म्हणाला असता.

मामाचं दुकान म्हणजे एक टेबल, भिंतीवर टांगलेले पट्टे, आणि दारापासून आतपर्यंत दुरुस्तीला आलेली मशीनं. गिऱ्हाईक आल्या आल्या सुरू होतं: "मशीनवाले, टाका सुटतोय, दोरा तुटतोय, माझी जाऊ म्हणते तेल जास्त झालं…" मामा हात वर करतो. "तुम्ही थांबा. तिला बोलू द्या." ती म्हणजे मशीन. मग डोळे मिटून तो चाक हाताने सावकाश फिरवतो. टक, टक, खर्र. "सुई शटलला घासतेय," म्हणतो, आणि ती घासतच असते.

पण ज्या कानावर दुकान चालायचं तो मशीनांनीच खाल्ला. तरुणपणी मामा कपड्यांच्या कारखान्यात होता, एका हॉलमध्ये रांगांच्या रांगा मशीनं, सगळी एकदम धडधडणारी. आता त्याच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत, वालाच्या दाण्याएवढी. त्यामुळे 'अहो, ऐकलंत का' ही बाकीच्या बायकांची नुसती बोलायची सुरुवात असते, आमच्या मामीचा मात्र तो खरोखरचा प्रश्न असतो.

ही यंत्रं माणसांचं बोलणं ऐकायला बनवलेली. मामाला हवी होती सुई. म्हणून त्याने फोनमधल्या ॲपवर पट्ट्या केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत, समोर एक ओळखीचं मशीन फिरवत, कित्येक महिने खपून स्वतःची सेटिंग जमवली. तिला नाव दिलं 'दुकान'. 'दुकान' लावलं की रस्त्यावरचे हॉर्न मागे जाऊन बसायचे आणि सुईचा टक पुढे यायचा. मामीचा आवाजही जरा मागे जायचा. मामीला वाटतं ते मुद्दामच केलंय.

मग यंत्रं साफ करायला दिली. ती आली स्वच्छ होऊन, आणि कोरी होऊन. आत कंपनीचीच सेटिंग. पेपरची घडी घातली तरी मामाला पत्रा फाटल्यासारखं वाटे, आणि सुईचा टक कुठेच नाही. 'दुकान' परत लावायचं तर ॲप उघडायला हवं, आणि ॲप उघडलं की 'जागा अपुरी' म्हणून बंद पडायचं.

मामाने सगळे फोटो काढून टाकले. मामीचे आधी, याची मामीने नोंद घेतली. तरी जागा नाही. कारण फोनमध्ये कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स होती: शेअर बाजार, हवामान, फुगे फोडायचा खेळ. ती निघत नव्हती, उलट आपोआप फुगत होती. म्हणजे घर मामाचं, पण भाडेकरूंना बाहेर काढायचा हक्क मामाला नाही. श्रवणयंत्रांच्या केंद्रातली ताई साखरेत बुडवून बोलते: "सर, ते मॉडेल आता बंद झालंय, सर. नवीन ॲप तुमचं यंत्र ओळखणार नाही, सर. तुम्ही नवीनच का नाही घेत, सर?"

"आणि माझी सेटिंग?" मामाने विचारलं.

"ती त्या ॲपमध्येच राहणार, सर."

यानंतर मामाने जे केलं त्याची मला भीती वाटली. त्याने हात वर करणं सोडून दिलं. गिऱ्हाईक बोलायचं, आणि मामा मान हलवत त्याच्या ओठांकडे बघत सगळं ऐकून घ्यायचा, जावेसकट. मग मशीनच्या डोक्यावर बोटं ठेवून अंदाज घ्यायचा. पडदे शिवणाऱ्या बाईंचं मशीन दुरुस्त होऊन गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. "मशीनवाले, खर्र तसाच आहे हो." एका संध्याकाळी मी दुकानात शिरले तेव्हा मामा मामीला सांगत होता, "दुकान आवरतं घ्यावं म्हणतो." मामी काहीच बोलली नाही. मामी आणि गप्प!

फोन रूट करायचं मीच शोधून काढलं. रूट करणं म्हणजे फोनची मालकी कंपनीकडून आपल्या हातात घेणं. मग कुठल्याही भाडेकरूला हाकलता येतं. दोन वाटा होत्या. एका वाटेने फोन आधी संपूर्ण पुसला जातो, म्हणजे 'दुकान'ही गेलं. दुसरी जुन्या फोनांसाठीची, लॅपटॉपला जोडून करायची. तिने काही पुसलं जात नाही, पण फसली तर फोन पुन्हा चालू होईलच असं नाही.

"म्हणजे?" मामाने विचारलं.

"म्हणजे वीट होते फोनची. दारात टेकण म्हणून ठेवायची."

"आणि सेटिंग?"

मी उत्तर दिलं नाही. मामा ओठ वाचतो, मिटलेले ओठसुद्धा.

त्यानंतर रोज 'उद्या बघू'. फोन खिशातून काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. मग एका दुपारी पडदेवाल्या बाई आल्या आणि न दुरुस्त झालेलं मशीन उचलून निघाल्या. "राहू द्या हो मशीनवाले. तशी घाई नाही मला." ज्याचं दुकान आहे त्याला या वाक्याचा अर्थ कळतो. त्या वळणापलीकडे गेल्यावर मामाने शटर अर्ध्यावर ओढलं आणि मला म्हणाला, "आण तुझा लॅपटॉप."

पत्रा फाटल्याचे आवाज नकोत म्हणून त्याने यंत्रं कानांतून काढून डबीत ठेवली आणि माझ्या तोंडासमोर स्टूल ओढून बसला. मला व्हिडिओ बघून सांगायचं होतं. व्हिडिओतला माणूस म्हणजे माझ्यासाठी मेजवानी होता: "तर मित्रांनोऽ, घाबरायचं अजिबात कारण नाहीये, फक्त एक छोटीशी चूक आणि फोन कायमचा गेला, ओके?" मी तोंड वाकडं करून सुरुवात केली तर मामा म्हणाला, "नक्कल नको. तुझ्या तोंडाने सांग. तू तोंड वाकडं केलंस की मला वाचता येत नाही."

पहिली पायरी: सेटिंगमध्ये जाऊन एका आकड्यावर लागोपाठ टिचक्या मारायच्या. मामाने मारल्या. फोन म्हणाला, आता तुम्ही डेव्हलपर आहात.

"झालो?" मामा. "एवढ्यात? मला मेकॅनिक व्हायला उस्तादाच्या वर्षभर शिव्या खाव्या लागल्या."

तो शेवटचा विनोद. त्यानंतर वायर लागली. मी बटण दाबलं आणि लॅपटॉपवर हिरवी पट्टी रांगायला लागली. खाली लिहिलेलं: काम चालू असताना फोनला हात लावू नका. मामाने हात चक्क पाठीमागे बांधले. पट्टी निम्म्यावर येऊन थबकली. पुढे सरकेना. मामाच्या कपाळावरून घाम नाकावर आला, तरी त्याने हात सोडले नाहीत.

"अडकली का?"

"नाही. विचार करतेय."

"कोण?"

"पट्टी!"

ती सरकली. मग आलं: केबल काढा, फोन आपोआप बंद होऊन चालू होईल. मामाने केबल इतकी हळू काढली की मला फोन झोपलाय असं वाटलं. दोन्ही हातांनी तो त्याने टेबलावरच्या स्टीलच्या ताटलीत ठेवला. या ताटलीत खोललेल्या मशीनचे स्क्रू आणि सुया राहतात. "इथून काही घरंगळत नाही," म्हणाला.

कंपनीचं चिन्ह उमटलं. चिन्ह फिरलं. मी 'आलं' म्हणायला तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

आम्ही वाट बघितली. काळाच. मी फोन उचलायला गेले तर मामा ओरडला, "उचलू नको! लिहिलंय ना हात लावू नका!" त्याने बोटाच्या टोकाने बाजूचं बटण दाबलं. काही नाही. दाबून धरलं. पुन्हा चिन्ह, पुन्हा फिरलं, पुन्हा काळोख. अजून एकदा. पुन्हा तसंच.

नेमका तेव्हाच शटरखालून लाँड्रीवाल्याचं डोकं आत आलं. "मशीनवाले, सगळं ठीक ना?" मामाला ऐकू गेलं नाही, आणि मी "हो हो" असं काही किंचाळले की डोकं लगेच बाहेर गेलं. बातमी तिथेच जन्माला आली.

मामा त्या काळ्या काचेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी त्या बाईंना खोटं सांगितलं."

"कुठल्या बाईंना?"

"पडदेवाल्या. म्हटलं, खर्र गेला आता. मला तो येतच नव्हता ऐकू. गेला की आहे, कुणास ठाऊक. नुसतं 'गेला' म्हणालो." त्याने बाहीने तोंड पुसलं. "मी हाताखालच्या नवीन माणसाला ओरडायचो, न ऐकता मशीन परत देऊ नको म्हणून."

व्हिडिओ अजून चालूच होता: "तर मित्रांनोऽ, कमेंटमध्ये नक्की सांगा." मी लॅपटॉप बंद केला.

शटरखालून वाकून मामी आली, हातात चहाचा थर्मास आणि कप. "अहो, ऐकलंत का, तो लाँड्रीवाला काय बघतोय सारखा आत? आणि हे टेबल आहे का भंगारखाना? कप कुठे ठेवू, डोक्यावर?" असं म्हणत तिने एका हाताने फोन ताटलीतून उचलला.

फोनचा पडदा लख्ख उजळला.

"हा घ्या तुमचा फोन," मामी म्हणाली आणि दुसरीकडे ठेवायला जागा नाही म्हणून परत ताटलीत ठेवला. पडदा काळा.

मामाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मामाने फोन उचलला. उजेड. खाली नेला. काळोख. उचलला. उजेड. मग त्याने ताटली उलटी केली आणि एकही स्क्रू खाली पडला नाही.

"लोहचुंबक," तो म्हणाला. "अगं, ताटलीखाली लोहचुंबक आहे! याचं ते पुस्तकासारखं कव्हर होतं ना, मिटलं की फोन झोपायचा? त्या कव्हरातही लोहचुंबकच होतं. या येड्याला वाटतंय झाकण लागलंय!"

"कुणाला येडं म्हणताय?" मामीने विचारलं.

पण मामा तोवर भाडेकरू हाकलण्यात गुंतला होता. शेअर बाजार, निघा. हवामान, निघा. फुगे, निघा. फोन प्रत्येक वेळी विचारायचा, नक्की का? मामा दात चावून 'हो' दाबायचा. मग तो श्रवणयंत्रांच्या ॲपवर बोट ठेवून थांबला. मामीला काय चाललंय ते तेव्हा कळलं असावं, तिने कप खालीच ठेवले.

ॲप उघडलं आणि उघडंच राहिलं. यादीत एकच नाव होतं: दुकान.

मामाने यंत्रं कानांत घातली, नाव दाबलं, आणि समोरच्या मशीनचं चाक धरून डोळे मिटले. मामी म्हणाली, "आलं का हो ऐकू? सांगा ना, की नुसतं…" आणि मामाचा हात वर गेला.

"तू थांब. तिला बोलू दे."

"आलं ऐकू," मामी माझ्याकडे बघून म्हणाली. "झालं सुरू." आणि पदराने डोळे टिपायला वळली.

चहा पिताना मला जोर चढला. मी म्हटलं, "मामा, तू भिंतीकडे तोंड करून बस. ओठ दिसणार नाहीत. मी आवाज काढते. एक जरी चुकलास तर तुझं हे स्टूल महिनाभर माझं."

"आणि ओळखले तर?"

"तर आठवडाभर कुणाचीच नक्कल नाही."

मामी म्हणाली, "अहो, लावाच पैज."

लाँड्रीवाला त्याने 'मी सांगत' एवढ्यावरच ओळखला. केंद्रातली ताई पहिल्या 'सर'वर. मामीचा आवाज काढला तर मामीच म्हणाली, मी असं कुठे बोलते. मग मी हुकमाचा पत्ता काढला. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. मी मामाचा काढला, हुबेहूब, गेले काही दिवस रोज ऐकलेला: "उद्या बघू! ठेव ते तिकडे! चहा कुठाय!"

मामाने भिंतीकडे बघतच चहाचा घोट घेतला. स्टूल माझं झालंच होतं.

"हा मी," तो म्हणाला. "पण आत्ताचा नाही." तो वळला. "इतका ओरडत होतो का गं मी?"

खरंच, तो हे अगदी हळू विचारत होता. स्वतःला ऐकू येईना तसा त्याचा आवाज चढत गेला होता आणि आम्हाला सवय होऊन गेली होती. मामी म्हणाली, "जाऊ द्या हो," तेही हळूच.

दुसऱ्या सकाळी मामा हत्यारांची पिशवी घेऊन पडदेवाल्या बाईंकडे गेला, मला बरोबर घेऊन. दारातच म्हणाला, परवा मला ऐकू येत नव्हतं, मी खोटं बोललो, आता ऐकायला आलोय. बाई आधी वरच्या पट्टीत 'अगंबाई' म्हणाल्या, मग खालच्या पट्टीत 'अस्सं होय', मग नाकातून एक असा सूर काढला की तो मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. तोंडात सुपारीसारखा धरून मी तो घरापर्यंत आणला. मामा शेजारून चालत होता, यंत्रं कानांत, आणि माझ्या तोंडाकडे बघतही नव्हता. बघायची गरजच नव्हती त्याला.

आईने दारात विचारलं, "काय म्हणाल्या मग बाई?"

"काही नाही," मी म्हटलं, माझ्याच आवाजात. आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.