एका फुफ्फुसाची आक्का

आक्का बोलता बोलता मध्येच थांबून श्वास घ्यायची, आणि तो थांबा असा नेमका पडायचा की समोरचा माणूस पुढच्या शब्दाच्या धास्तीनं आधीच ओशाळायचा. गुंद गावची ही माझी विधवा आत्या. वडील तिला आक्का म्हणत, म्हणून आम्हीही म्हणायचो, आणि मग सगळं गावच म्हणू लागलं.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हा तिच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं. वडिलांनी तिला लोंढ्याहून आगगाडीनं मुंबईला नेलं. कॅन्सर फुफ्फुसातून बाहेरच्या गाठींपर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी डावं फुफ्फुस काढलं, मग शिरेतून औषध दिलं. उलट्या करून करून ती अर्धी झाली, डोक्यावरचे केस गेले. ‘वर्ष निघालं तरी खूप,’ असं डॉक्टर वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले. आक्काचं फुफ्फुस गेलं होतं. कान शाबूत होते.

बातमी तिच्या आधी गावात पोचली. ती परतली तेव्हा तिच्या भातशेतात दिराचा नांगर चालू होता.

“वयनी, तुमाला कशाला तरास, म्हणून म्हटलं...” दीर म्हणाला.

“भावजी, मी मेले...” आक्कानं श्वास घेतला. दिराचा चेहरा उजळला. “की मग नांगरा. आज बैल सोडा.”

बोडकं डोकं बघून बायकांनी ठरवलं, ही तिरुपतीला जाऊन आली. एकीनं तर प्रसाद मागितला. “केस दिले व्हय, पर लाडू न्हाई मिळाला,” आक्का म्हणाली.

वर्ष गेलं, आणखी बरीच गेली. जगत होती ती, श्रेय घेणारे मात्र वाढत गेले. पुजारी म्हणे माझा कौल, वैद्य म्हणे माझी मुळी, शेजारीण म्हणे माझे सोमवार. आक्का सगळ्यांना चहा पाजायची. “समद्यांनी मिळून वाचवलं मला. कापून घ्यायला तेवढं कुणी आलं न्हाई.”

मी नोकरीला बेळगावला गेलो, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात जवळच्या नंदिगड्डे गावचा एक गडी बायकोला घेऊन तिच्याकडे आला. त्यालाही तोच रोग होता, तेच ऑपरेशन झालं होतं. “आक्का, तुम्ही काय केलासा?” त्यानं विचारलं. आता ही काय टोला हाणते, म्हणून मी ऐकत राहिलो.

“मला ठाऊक न्हाई बाबा. डॉक्टरलाबी न्हाई. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याच वयाची हुती. तेच औषध, तेच हाल. ती गेली.”

मग तिनं त्याला भात वाढला आणि तो जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली.

पावसाच्या तोंडावर तोही गेला. लावणीच्या दिवसांत एका सकाळी आक्का घरात दिसेना. ती वाटेत बसत-उठत चालत नंदिगड्ड्याला गेल्याचं कळलं, तसा मी तिला आणायला निघालो. त्या गड्याची बायको चिखलात वाकून रोपं लावत होती. आक्काला वाकणं जमत नव्हतं. ती शेतातल्या खोपीत त्या बाईचं तान्हं मांडीवर घेऊन बसली होती.

“चल घरी, आक्का.”

“तू जा. हिची लावणी आटपली की येते,” ती म्हणाली, आणि पोर झोपलंय, हळू बोल, अशी तिनं मला खूण केली.