काकांच्या माळावरचा हिरवा तुकडा

हाइनरिखकाकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळानं अंक काढायचं ठरवलं आणि लेख माझ्याकडे मागितला. एवढे इंजिनियर असताना चौथी शिकलेल्या बाईकडे का, तर काकांच्या मेंढ्या मी वळल्यात.

पहिली भेट आठ वर्षांपूर्वीची. ब्राउनश्वाइगहून मंडळाची सहल हार्त्सच्या डोंगरात गेली होती. सगळे हेदरच्या जांभळ्या झुडपांत फोटो काढत होते. मला एक मेंढी लंगडताना दिसली. मी धनगराची लेक. धरली, आडवी पाडली, खुरातला खडा काढला. मागून मेंढ्यांचे मालक, म्हणजे काका, आले. माझा नवरा घाबरून माफी मागायला लागला. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातला खूर तासायचा चाकू माझ्या हातात दिला आणि दुसरी मेंढी पुढे ढकलली. तेव्हापासून दर शनिवारी मी तिथं.

काकांचं काम दिसत नाही, म्हणून सांगते. हेदरचा तो माळ आपोआप तसा राहत नाही. मेंढ्यांनी बर्चची रोपं आणि जून झालेलं हेदर खाल्लं नाही, तर काही वर्षांत रान माजतं आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी निघून जातात. काका जन्मभर उन्हापावसात हे राखत आलेत. आपली मंडळी म्हणतात, निसर्ग किती सुंदर. निसर्ग कसला, काकांचे गुडघे आहेत ते.

तीन वर्षांपूर्वी त्यातला एक गुडघा बदलायची वेळ आली. काका ऐकेनात. पानगळीच्या सुमारास सरकारी बाई माळ तपासायला येणार होत्या. माळ बिघडलेला दिसला, तर चराईचा करार जाणार. मी म्हटलं, "काका, हट्ट पुरे. मेंढ्या मी नेते." त्यांनी काठी माझ्याकडे दिली.

आणि मी काय केलं? आमच्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात. लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरी पायघड्या घालतात. वाटलं, काकांच्याही माळाला खत देऊ. संध्याकाळी खाली गोठ्यात न्यायच्या सोडून आठ दिवस एका कोपऱ्यात जाळी लावून बसवल्या.

काका कुबड्यांवर आले. कुबडीच्या टोकानं लेंड्या उकरून बघितल्या. मग म्हणाले, "आल्झो, हे बघ सुमन, हा माळ उपाशीच ठेवायचा असतो. खत मिळालं की गवत येतं, हेदर मरतं. म्हणून रोज खाली न्यायच्या." एवढं बोलून ते लेंड्या वेचायला वाकले. नवा गुडघा घेऊन! मी बादली ओढून घेतली. पुढचे दोन दिवस मी आणि नवरा वेचत होतो.

तरी तपासणीपर्यंत तिथं गवत आलंच. मी तोंड उघडणार, त्याआधी काका बाईंना म्हणाले, "चूक माझी. मी तिला सांगितलं नव्हतं." बाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी मेंढ्या कोण वळणार? काका म्हणाले, "आम्ही दोघं." बाकीचा माळ नीट होता. करार राहिला.

तो तुकडा अजून हिरवा आहे. येईल त्या पाहुण्याला काका काठीनं दाखवतात, ही सुमनची शेती. यंदा कडेनं थोडं हेदर परत आलंय. सगळा जांभळा व्हायला अजून दहा-बारा वर्षं लागतील, असं काका स्वतःच म्हणतात.

बाकीचे शतायुषी व्हा असं लिहितील. मी सरळ सांगते. काका, ती दहा-बारा वर्षं तुम्ही कुठं जायचं नाही. गुडघा दुखला तर मेंढ्या मी वळते, पण माझी शेती मोडलेली तुम्हीच बघायची.