सिस्टर रोझलिन आणि शाळेचा तो पहिला दिवस

सिस्टर रोझलिन काल पहाटे गेल्या.

प्रार्थनेला बसल्या होत्या, तिथंच कोसळल्या. सांगलीला हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तासगावच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्यांना प्रिन्सिपल होऊन अजून दोन वर्षंही झाली नव्हती.

बाहेरच्या मित्रमंडळींना त्या माहीत नसतील. म्हणून लिहितेय.

त्या आल्या तो मे महिना आमच्या शाळेसाठी फार वाईट होता. सुट्टीत सार्थक गेला होता. आमच्याकडे सहावीत होता, जूनमध्ये सातवीत बसला असता. घरच्याच द्राक्षबागेतल्या शेततळ्यात पाय घसरून पडला. ज्यांनी शेततळं पाहिलंय त्यांना माहीत आहे, आत अंथरलेल्या त्या निसरड्या प्लॅस्टिकच्या कागदावरून माणसाला वर येता येत नाही.

सिस्टर बेळगावकडच्या. इथं कोणालाच ओळखत नव्हत्या. पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये आम्ही फुगे, बॅनर, पाहुणे यावर बोलत होतो. नवीन वर्ष, नवीन प्रिन्सिपल, वेलकम प्रोग्रॅम जोरात करायचा असं चाललं होतं.

बोलता बोलता कुणीतरी सार्थकचं नाव काढलं. काय घडलं ते सिस्टरना सांगितलं.

सिस्टरनी मला विचारलं, "घर कुठे आहे त्याचं?"

मी म्हटलं, "गावाबाहेर, मळ्यात. मी नेते तुम्हाला."

माझ्या स्कूटीवर मागे बसून आल्या.

सार्थकची आई, सुनीता, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. आजोबा दारात बसलेले. मिलिटरीतून रिटायर झालेले, एरवी खणखणीत बोलणारे.

"बाई, तुमी आलासा, बरं वाटलं," ते म्हणाले. "पर आता आर्याला शाळंत न्हाई धाडायची. एक गेलं. ही तरी डोळ्यांम्होरं ऱ्हाऊ दे."

आर्या म्हणजे सार्थकची धाकटी बहीण. तिसरीत जाणार होती. रोज त्याच्याबरोबरच शाळेच्या रिक्षातून यायची.

सिस्टर आत गेल्या आणि सुनीताजवळ फरशीवर बसल्या. मला वाटलं, आता देवाचं काहीतरी सांगतील.

त्या म्हणाल्या, "मी नवीन आहे. सार्थकला मी पाहिलंच नाही. कसा होता तो?"



मग सुनीता कूस बदलून म्हणाली, "लय खादाड हुता, सिस्टर."

आणि बोलतच राहिली. मध्ये रडायची, डोळे पुसायची, पुन्हा बोलायची. दारातल्या आजोबांनी तोंडाला टॉवेल लावला होता.

निघताना सिस्टरनी तिचा हात धरला. "सोमवारी शाळा उघडते. मला एवढ्या लोकांपुढे उभं राहायचंय, भीती वाटते. तुम्ही आर्याला घेऊन या. समोर बसा. मला ओळखीचं कुणीतरी पाहिजे."

 

सोमवारी मैदान भरलं. पालक आले, फादर आले. सुनीताचा पत्ता नव्हता. सिस्टर कार्यक्रम सुरूच करेनात. पाहुणे सारखं घड्याळ बघत होते.

शेवटी गेटमधून आजोबा आत आले. मागे सुनीता, तिच्या पदराआड आर्या. युनिफॉर्ममध्ये.

सिस्टर स्वतः खाली उतरल्या, त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि मग माईकसमोर गेल्या.

"गुड मॉर्निंग. मी तुमची नवीन प्रिन्सिपल. सगळ्यांचं स्वागत. पण आपला एक मुलगा आज आलेला नाही. तो येणार नाही. त्याचं नाव सार्थक."



"त्याच्या आईने मला सांगितलं, त्याला गणित अजिबात आवडायचं नाही. आणि स्वतःचा डबा सोडून दुसऱ्यांच्या डब्यातली भाजी फार आवडायची."

सातवीच्या रांगेत एक पोरगा फिस्सकन हसला. मग सगळीच हसली. हसता हसता रडायला लागली.

तेवढ्यात आर्या उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "माझ्या डब्यातली पण खायचा!"

सुनीता हसली. खरंच हसली. मग तिनं आर्याला पोटाशी ओढलं आणि अख्ख्या शाळेसमोर हंबरडा फोडला. सिस्टर माईक सोडून तिच्याजवळ येऊन बसल्या.

आमचा वेलकम प्रोग्रॅम तिथंच संपला. पाहुण्यांचं भाषण झालंच नाही.

आर्या त्या दिवशी वर्गात गेली. सुनीता मात्र घरी जाईना. पुढे कितीतरी दिवस रोज पोरीबरोबर यायची आणि शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसायची. आमच्यातले काही कुरकुरले. सिस्टर म्हणाल्या, "बसू दे." रोज तिला चहा पाठवायच्या. दिवाळीनंतर एक दिवस सुनीताच म्हणाली, "आता येत न्हाई सिस्टर, बागंत कामं पडल्यात."

प्रत्येक पालकसभेत सिस्टर एकच विषय काढायच्या. शेततळ्याला कुंपण घाला, आत दोर सोडून ठेवा. पालक कंटाळायचे, तरी त्या बोलायच्या. आधी आजोबांनी आपल्या तळ्याला जाळी मारली. मग शेजारच्या मळ्यांत जाऊन भांडून, विनवण्या करून मारून घेतली.

काल सकाळी पहिला फोन सुनीताचा.

"आवं मॅडम, खरं हाय का वं?"

मी नुसतं तिचं नाव घेतलं. तिला कळलं.

आज दुपारी सिस्टरना माती दिली. बेळगावहून त्यांचे थकलेले भाऊ आले होते. आजोबांनी शेवटपर्यंत त्या भावाचा हात धरून ठेवला.

लोक पांगले तरी आर्या तिथून हलेना. "सिस्टर एकट्या ऱ्हातील गं आई," म्हणत होती. सुनीता तिच्याजवळ खाली बसली. पोरीचं रडून होईपर्यंत बसून राहिली. मग दोघी गेल्या.

सिस्टर, तुम्ही खूप लवकर गेलात. आम्हाला तुम्ही अजून हव्या होतात.

शांतपणे विसावा घ्या. तासगावच्या तुमच्या सगळ्या लेकरांकडून शेवटचा नमस्कार.