पडद्याला काय येतं, काय येत नाही

अठ्ठ्याऐंशी साली चंद्रपूरच्या एका लाकूड डेपोत कॉम्प्युटर आला आणि भागीरथा रामटेकेची झोप उडाली. ती तिथली टायपिस्ट. खिडकीबाहेर सागाच्या लठ्ठ्यांवर नंबर ठोकणारे हातोडे पडत, आत काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उगवत. तिला वाटे, अंधाराला पालवी फुटते आहे.

पण कॉम्प्युटरला जोडलेला पडदा कुठल्याशा छोट्या कारखान्यातला होता, आणि कॉम्प्युटरला त्याची ओळखच नव्हती. नागपूरचा इंजिनिअर जाताना सांगून गेला होता, "बाई, ही पेटी आंधळी आहे. पडदा तिला दिसत नाही. त्याचं नाव काय, ओळी किती, पुसायची खूण कोणती, त्याला काय काय करता येतं, हे तुम्ही लिहाल तेवढंच ती खरं मानते."

भागीरथाने पेटीतलंच एका भारी पडद्याचं वर्णन उचललं, वर नवं नाव घातलं आणि त्याचे सगळे गुण आपल्या पडद्याला चिकटवले. लिलावातल्या लाकडांची यादी झळकली तेव्हा ती आनंदानं खुर्चीतून उडालीच. मग यादीच्या मध्येच एक नवी ओळ घालायला गेली. खालच्या ओळी सरकायला हव्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. सागाच्या ओळीवर बिजाची चढली, बिजाच्या ओळीवर ऐनाची. दोन दिवस हाच चिखल.

लिलाव सोमवारी. बडे बाबू गुणवंतरावांनी रविवारी सकाळीच सुनावलं, "आज संध्याकाळच्या ट्रकनं हा डबा नागपूरले वापस. अन् तुमी आपल्या टाइपरायटरवर."

ती पालवी पाहिल्यानंतर पुन्हा तिथे बसायचं?

त्यातच दुपारी घरी पाहुणे, तिला बघायला. त्यासाठी आई शकुबाई गोंडपिपरीहून आली होती. जयभीम झाले, पोहे आले. शेजारची सोनीबाई रंगात आली.

"पोरीले सारंच येते! शिवण येते, भरतकाम येते, गाणं तं असं म्हणते..."

"शिवण नाई येत तिले," शकुबाई म्हणाली.

"काऊन वं, मी चांगलं सांगून राह्यली तं!"

"अन् उद्या त्याईनं शिलाई मशीन पुढं ठेवली तं? येत नाई थे आधीच सांगाव. मंग समोरचा आपला इलाज करते. टेलरकडं टाकते कपडे!"

पाहुणे हसले. पोह्यांची थाळी फिरवणारी भागीरथा मध्येच थांबली. हेच तर तिनं केलं होतं! पडद्याला न येणारं काम तिनं येतं म्हणून लिहिलं होतं, आणि पेटी बिचारी विश्वासानं पडद्याला तेच करायला सांगत बसली होती.

"माय, मी आलीच!" थाळी सोनीबाईच्या हातात कोंबून ती सुटली.

"पोरगी कुठी चालली वं?" मागून सोनीबाईचा आवाज आला.

डेपोत ट्रकचा फाळका उघडा होता. "थांबा बडे बाबू, एकच डाव!" ती धापा टाकत बसली. वर्णन उघडलं. ओळी खाली ढकलता येतात, एवढाच दावा पुसला. पेटीनं नवं वर्णन वाचावं म्हणून तिला पडद्याचं नाव पुन्हा सांगितलं, यादी उघडली, मध्ये ओळ घातली.

क्षणभर काहीच नाही. मग पेटीनं स्वतःच, कुरकुर न करता, खालची एकेक ओळ नव्यानं लिहायला घेतली. साग. बिजा. ऐन. धिम्या चालीनं, पण ज्याची त्याची जागा ज्याला त्याला.

"सरकली! सरकली!"

बाहेरचे हातोडे थांबले. गुणवंतरावांनी चष्मा चढवला. "अजून एकदा करा बरं." तिनं केलं. "आता सरका. मले करू द्या."

चार ओळी घालून झाल्यावर ते खिडकीतून ट्रकवाल्याला ओरडले, "लच्छू, ट्रक रिकामाच ने रे!"

मग वर्णनाच्या माथ्यावरचं नाव त्यांनी इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं. "शकु. हे कोणती कंपनी?"

"गोंडपिपरीची," भागीरथा म्हणाली आणि पुढची ओळ घातली.