जुना मासा बाहेर, नवा मासा सोहारला

"मिस्टर पाटणकर, माझा मासा कुठे आहे?"

शेफ टियागो कोल्ड स्टोअरच्या दारात उभा होता. आत चौथ्या रॅकवर काहीच नव्हतं. म्हणजे अगदी लखलखीत काहीच नव्हतं.

"येतोय," मी म्हणालो.

"कुठून?"

"सोहार पोर्टवरून. कंटेनर आलाय. हेल्थ सर्टिफिकेटचा एक कागद राहिलाय."

"कधी येणार?"

"इन्शाल्ला."

पंचवीस वर्षं मस्कतमध्ये काढलेल्या माणसाने हा शब्द उच्चारला, की समोरच्याने पुढे विचारायचं नसतं. टियागोला पोर्तुगालहून येऊन आठच महिने झाले होते, पण तो समजला. मटकन पिठाच्या पोत्यावर बसला.

मी इथल्या एका हॉटेलात स्टोअर्स मॅनेजर आहे. माझ्या स्टोअरमधून मुंगीलासुद्धा साखरेचा दाणा न्यायचा असेल, तर ती आधी गेटपासवर सही करते, असं मी नव्या स्टाफला सांगतो. पहिले दोन दिवस ते विश्वास ठेवतात. तर अशा माझ्या स्टोअरमधून बावीस जणांच्या जेवणाचा मासा माझ्याच सहीने बाहेर गेला होता. ती सोमवारची सकाळ होती. जेवण बुधवारी संध्याकाळी.

पाहुणे होते पोर्तुगालचे बावीस इतिहासाचे प्राध्यापक. मस्कत बंदराच्या तोंडावर दोन बाजूंना दोन किल्ले उभे आहेत ना, ते त्यांच्या पूर्वजांनी बांधून घेतलेले. ते पाहायला आलेले. टियागोने त्यांना कबूल केला होता बकालाउ, म्हणजे मीठ लावून फळीसारखा कडक वाळवलेला कॉड मासा. तो भिजवायचा, मऊ करायचा आणि बटाटा, कांदा, ऑलिव्ह तेलात शिजवायचा. गंमत अशी, की हा मासा त्यांच्या समुद्रात मिळतच नाही. पार उत्तरेच्या बर्फातून आणतात आणि राष्ट्रीय पदार्थ म्हणून खातात. देश आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, पण स्वतःच्या अंगणात त्यांचं कधी भागलंच नाही. माशासाठी उत्तरेला गेले, मिरीसाठी आपल्याकडे आले, वाटेत मस्कत दिसलं तर तेही घेतलं. दीडशे वर्षांच्या आसपास सोडलं नाही.

आता मासा गेला कसा ते सांगतो. आमच्या धंद्यात एक नियम असतो, फिफो. जो माल आधी आला तो आधी वापरायचा. दुसरा नियम पार लेव्हल. प्रत्येक मालाची एक रेघ ठरलेली असते, साठा त्याखाली जाऊ द्यायचा नाही. गेल्या गुरुवारी सप्लायरचा सेल्समन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात ओमानी हलव्याचा डबा. म्हणाला, "सर, तुमच्या कॉडची एक्सपायरी जवळ आली. एवढे मोठे गेस्ट येणार! जुना मी उचलतो, रविवारी फ्रेश देतो. तुमच्यासारखा स्टोअरवाला अख्ख्या गल्फमध्ये नाही सर."

शेवटच्या वाक्यात तथ्य होतं, त्यामुळे मी सही केली.

डबा उघडलेला होता, केशराचा वास सुटला होता आणि जुना मासा त्याच्या व्हॅनमध्ये चढत होता. हे सगळं माझा असिस्टंट हुसैन बघत होता. हुसैन हर्णैचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. बोलतो कमी. तेव्हाही बोलला नाही. सोमवारी मात्र टियागो पोत्यावर बसल्यावर म्हणाला,

"साहेब, त्या किल्ल्यातल्या कप्तानानं हेच केलान ना?"

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. कारण ती गोष्ट मीच त्याला किमान चारशे वेळा सांगितली होती.

गोष्ट अशी. इथली जुनी व्यापारी मंडळी सांगतात, प्राध्यापक मानतात की नाही ठाऊक नाही. पोर्तुगीजांच्या किल्ल्याला धान्य, पाणी, दारूगोळा पुरवणारा एक हिंदू व्यापारी होता. कप्तानाला त्याच्या मुलीशी लग्न करायचं होतं. बाप तयार नव्हता, पण तोफेसमोर नाही कोण म्हणणार? त्याने लग्नाच्या तयारीसाठी मुदत मागितली. मग हळूच म्हणाला, "साहेब, किल्ल्यातलं धान्य जुनं झालंय, पाणी शिळं, दारू दमट. सगळं बाहेर काढू, ताजं भरू." कप्तान खूश. होणारा सासरा किती काळजी घेतो! सगळं बाहेर निघालं. आत काही आलं नाही. बापाने ओमानच्या इमामाला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, निरोप धाडला, 'आता या.' आणि मस्कत पोर्तुगीजांच्या हातून गेलं.

सेल्समनचा तसा काही डाव नव्हता, बिचाऱ्याचा कागद खरंच अडकला होता. पण रॅक रिकामा तो रिकामाच. आणि माझंही काही कमी अडकलं नव्हतं. मार्चमध्ये माझी साठी, म्हणजे रिटायरमेंट; एक वर्षाचं एक्स्टेन्शन मागितलेलं. मुलगी इथल्या इंडियन स्कूलमध्ये बारावीला जाणार. एक्स्टेन्शन मिळालं नाही तर व्हिसा संपणार आणि तिला बोर्डाच्या वर्षात उचलून पुण्याला न्यायला लागणार. जनरल मॅनेजर सालेम साहेब एवढंच म्हणाले होते, "पाटणकर, हे डिनर होऊ दे. मग बघू."

"दुसऱ्या हॉटेलांकडे विचारलंत?" टियागो म्हणाला.

"सगळीकडे. कॉड नाही."

"मग ताजी सुरमई करतो."

"ताजी कशाला?" हुसैन म्हणाला. "खारी हाय ना."

आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बरक्याच्या बाजारात मिळते, शेफ. मीठ लावलेली. आमच्याकडं पावसाळ्याचे चार महिने तीच खातो. माझी आई दोन रात्री भिजवते, पाणी बदलत राहते. तुमचा मासा नि आमचा मासा, काम एकच."

टियागो उठला. "यल्ला, निघू या," म्हणाला.

बरका हे मस्कतहून तासाभरावरचं किनाऱ्यावरचं गाव. तिथल्या मासळी बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प उभा राहिलो. हुसैन एकेका तुकड्यावर अंगठा दाबायचा, वास घ्यायचा, मान हलवायचा. पाच ठिकाणी नाही म्हणाला. सहाव्या ठिकाणी एका पांढऱ्या दाढीच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, पिंप उघडलं. हुसैनने तुकडा टियागोच्या हातात दिला. टियागोने कोपरा तोडून चघळला. डोळे मिटले. मी मनातल्या मनात पुण्याच्या शाळांची चौकशी सुरू केली.

"माझी आजी याला फार खारट म्हणाली असती," तो म्हणाला. "पण आजीला मी सगळंच खारट करतो असं वाटायचं. बारा किलो घ्या."

दोन दिवस हुसैनने पाणी बदललं. दर सहा तासांनी, घड्याळ लावून. त्या पाण्यात एवढं मीठ उतरलं, की मोरीत ओतलं तेव्हा तिथली झुरळं समुद्र आला म्हणून पळाली. बुधवारी सकाळी तुकडे मऊ झाले, पाकळ्या सुटायला लागल्या. कंटेनर सोहारलाच होता.

मेन्यू कार्डवर बकालाउ छापलेलं होतं. मी म्हटलं, "राहू दे की शेफ. कोणाला कळणार?"

टियागोने माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्वतःच जाऊन कार्ड नवं छापून आणलं. 'बरक्याची खारी सुरमई, लिस्बनच्या पद्धतीने.'

जेवताना आधी बावीस जणांनी तुकडे हुंगले. मग काट्याचमच्यांचे आवाज. मग दुसऱ्यांदा वाढा म्हणून निरोप. मी भिंतीला टेकून श्वास घेतला, तेवढ्यात सालेम साहेबांनी बोटाने जवळ बोलावलं. त्यांच्या शेजारी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या, त्या सगळ्या प्राध्यापकांच्या प्रमुख. त्यांनी विचारलं, "आम्हाला बकालाउ कबूल केला होता ना? मग कार्ड का बदललं?"

इथे खोटं बोलायला माझ्याकडे सतरा उत्तरं तयार होती, त्यातली नऊ तर फारच चांगली होती. पण हुसैन दारात उभा होता आणि टियागोही. मी खरं सांगितलं. कप्तानाची गोष्ट सांगितली, मग माझी. दोन्हींत फरक फार नव्हताच.

बाई म्हणाल्या, "ती दंतकथा आम्हीही वाचली आहे. पुरावा तसा कच्चा आहे." मग चष्मा काढून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "पण आमच्या कप्तानाला निदान नवरी मिळणार होती. तुम्हाला काय कबूल केलं होतं?"

"हलवा," मी म्हणालो. "अर्धा किलो."

टेबल एवढं हसलं, की किल्ल्यावरच्या तोफा हलल्या असतील. सालेम साहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आणि हा मासा कोणी शोधला?"

"हुसैनने."

रविवारी त्यांनी दोघांना बोलावलं. मला वर्षाचं एक्स्टेन्शन मिळालं. हुसैन रिसिव्हिंग सुपरवायझर झाला. म्हणजे आता माल आत येताना आणि बाहेर जाताना माझ्या सहीखाली त्याची सही लागते. ती नसेल तर माझी सही चालत नाही.

कॉडचा कंटेनर मंगळवारी पोचला. सेल्समन पुन्हा हलव्याचा डबा घेऊन आला. हुसैनने आधी मासा मोजून रॅकवर लावला, मग डबा उघडला.

आमच्या धंद्यात एवढंच शिकायचं असतं. जुना माल कितीही जुना असो, नवा रॅकवर लागल्याशिवाय तो दाराबाहेर काढू नये. मस्कत एकदा त्यात गेलंय.