न वाजलेला दुसरा बार

मी तेवीस वर्षं शाळेत पीटी शिकवते, आणि त्यातली सोळा वर्षं शर्यती सोडते. शर्यत सोडणं म्हणजे स्टार्टरचं काम. "ऑन युअर मार्क, सेट" म्हणायचं आणि हवेत बार काढायचा. त्यासाठी माझ्याकडे एक जुनं रिव्हॉल्व्हर आहे. त्याची नळी पुढून भरीव, त्यात फक्त आवाजाच्या गोळ्या चालतात. पण आहे अस्सल पोलादी, जड, सहा घरांची चक्री असलेलं. माझ्या सरांनी निवृत्त होताना ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "पहिला बार कोणीही काढतो गं. दुसरा वेळेवर काढतो तो स्टार्टर."

दुसरा बार म्हणजे परत बोलावण्याचा. कोणी बार व्हायच्या आधीच सुटलं तर लगेच दुसरा बार काढायचा, की सगळे थांबतात, मागे येतात आणि शर्यत नव्याने सुटते. लहान मुलांना आम्ही हे पहिल्या महिन्यातच शिकवतो.

त्या वर्षी जूनमध्ये रिव्हॉल्व्हरची चक्री घसरायला लागली. चाप दाबला की ती पुढच्या घरावर जायला हवी, ती कधीकधी जागची हलायचीच नाही. हत्यारांच्या दुकानात फोन केला तर ते म्हणाले, संस्थेचं पत्र आणा, त्याशिवाय हात लावणार नाही. म्हणून मी स्पर्धा भरवणाऱ्या आमच्या क्रीडा कमिटीच्या सचिवांकडे अर्ज दिला. मग दुसरा दिला. मग तिसरा हातात नेऊन दिला. "होईल हो मॅडम, तुम्ही फार टेन्शन घेता," असं म्हणून त्यांनी तो चहाच्या कपाखाली ठेवला. खरंच कपाखाली. मी तिथेच उभी होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर अंधेरीच्या मैदानावर आंतरशालेय स्पर्धा होत्या. चौदा वर्षांखालील मुलींची शंभर मीटरची फायनल. तिसऱ्या लेनमधली मुलगी बाराच्या आधीच सुटली, अगदी स्पष्ट दिसलं. पहिला बार होऊन गेला होता. मी लगेच दुसऱ्यासाठी चाप दाबला.

टक्.

चक्री फिरली नव्हती. घोडा उडालेल्या गोळीवरच पडला होता. पुन्हा दाबला, पुन्हा टक्. शिट्टी फुंकली, "थांबा, थांबा" म्हणून घसा फाडला. स्टँडमध्ये चार शाळांचे ढोल वाजत होते, कोणाला काय ऐकू जाणार? सात मुली धावत राहिल्या. एकच थांबली, पाचव्या लेनमधली. घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका महापालिका शाळेतली बारीकशी पोर. शेजारची आधी सुटली हे तिने पाहिलं होतं. चार पावलांवर ती शिकवल्याप्रमाणे थांबली आणि वळून माझ्याकडे बघत राहिली. बाराची वाट बघत होती ती.

मी धावत पंचांकडे गेले. सचिव तिथेच होते.

"फॉल्स स्टार्ट आहे. शर्यत परत घ्यायला लागेल," मी म्हणाले.

"दुसरा बार ऐकला कोणी? नाही ना? मग झाली शर्यत."

"सर, निर्णय स्टार्टरचा असतो. नियम आहे."

"स्टार्टरची बंदूकच उडत नाही, त्याला आम्ही काय करायचं? प्रमुख पाहुणे साकीनाक्याला पोचलेत मॅडम. बक्षीस समारंभ आहे."

तीन अर्जांची आठवण करून दिली तर त्यांनी आजूबाजूच्या लोकांकडे बघून हसत म्हटलं, "बायकांच्या हातात हत्यार दिलं की असं होतं." दोन-तीन जण हसले. त्यातला एक माझ्या शाळेतला होता, त्याच्याशी मी आजही बोलत नाही. आधी सुटलेल्या मुलीला सोन्याचं पदक मिळालं. त्या पोरीवर माझा राग नाही, चौदाचीही नव्हती ती. आठ मुली धावल्या, निकालाच्या कागदावर सात नावं होती. आठव्या ओळीत लिहिलं होतं, "शर्यत सोडून दिली."

सोमवारी मी घाटकोपरला त्या मुलीच्या शाळेत गेले. तिच्या बाईंनी तिला वर्गातून बोलावलं. मी तिला म्हणाले, "तू बरोबर थांबलीस. चूक माझी होती. मला माफ कर."

ती बुटांकडे बघत होती. मग मान वर करून म्हणाली, "पुढच्या टायमाला मी नाय थांबणार."

"असं बोलतात का गं मोठ्या माणसांशी?" तिच्या बाई ओरडल्या.

"बोलू द्या तिला," मी जवळजवळ किंचाळलेच. "बरोबर बोलतेय ती!" शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली.

त्याच दिवशी ठरवलं, हे रिव्हॉल्व्हर दुरुस्त करायचं. आता पत्र मात्र एका दिवसात मिळालं, प्रकरण वाढू नये म्हणून. दुकानदाराने ते उघडून मला आतला भाग दाखवला. नखाएवढी एक पोलादी पट्टी असते, चाप दाबला की ती चक्रीला खालून ढकलते. तिचं टोक झिजून गोल झालं होतं. "इसका पार्ट नहीं आता मॅडम. कंपनी कब की बंद. प्लास्टिकवाला नया लो ना." एवढं सांगायला त्याला पत्र हवं होतं!

मग कोणीतरी मढच्या एका माणसाचं सांगितलं. तिथल्या बंगल्यांत शूटिंगं चालतात, त्यांना तो खोट्या बंदुका भाड्याने देतो. वर्सोव्याहून खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून गेले. त्याच्या पत्र्याच्या पेटीत मोडकी पिस्तुलं बटाट्यांसारखी भरली होती. तासभर उपसल्यावर माझ्यासारखंच एक सापडलं, फक्त थोडं मोठं. त्याची पट्टी शाबूत होती, पण जाड.

"आमचं काय, पडद्यावर दिसलं की झालं," तो म्हणाला. "चालायला कोणाला हवंय?"

"मला हवंय!" मी त्याच्यावर उगाचच खेकसले. बिचाऱ्याने पट्टी काढून कागदात गुंडाळून दिली.

ती पट्टी घेऊन मी मुलुंडला गेले. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. तिथे एक सत्तरीचे काका साचे बनवतात. त्यांनी आधी नळीत तार घालून ती भरीव आहे याची खात्री करून घेतली, मगच रिव्हॉल्व्हर उघडलं. दोन्ही पट्ट्या भिंगाखाली शेजारी ठेवल्या.

"कधीपासून घसरतंय?"

"जूनपासून."

"मग जूनमध्ये का नाही आणलंत, ताई?"

"पत्र मिळत नव्हतं."

त्यांनी भिंगावरून डोळे वर केले. "मी कुठे पत्र मागितलं?"

पाच महिने मी सचिवांवर चिडत होते, आणि घसरणारी चक्री घेऊन एकामागून एक शर्यती सोडत होते. पहिला बार होतोय ना, मग चालतंय, असं म्हणत. दहा मिनिटांवर हे काका बसले होते. मी विचारलंच नव्हतं. सचिवांचा कप माझ्या अर्जावर होता हे खरं, पण मैदानावर ते रिव्हॉल्व्हर मी नेलं होतं, त्यांनी नाही.

काकांनी पट्टी कानशीने घासली, बसवून पाहिली, काढली, पुन्हा घासली. टोक तापवून, पाणी देऊन कडक केलं. तिसऱ्या दिवशी गाळ्यामागच्या मोकळ्या जागेत मी सलग सहा बार काढले. सहाही वाजले. शेजारच्या गाळ्यातले लोक शिव्या देत बाहेर आले.

जानेवारीत सचिवांचा फोन आला. कमिटीने आता स्पीकरवर आवाज काढणारं यंत्र घेतलंय, असं ते म्हणाले. "पण मॅडम, तुमचं ते जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन या हां. उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात द्यायला. फोटो झकास येतो."

मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं सांगते की "त्या मुलीचा निकाल बदला, मग मागा," हे मी तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा ते "नेटवर्क नाहीये" म्हणाले. पुढच्या महिन्यात स्टार्टरच्या यादीतून माझं नाव गेलं. लेखी तक्रार केली आहे, उत्तर नाही. आता मी वस्तीतल्या शाळांच्या स्पर्धांना जाते. जिथे बोलावतील तिथे.

त्या मुलीची चौकशी मी करत असते. तिच्या बाई म्हणाल्या, तिने शंभर मीटर सोडलं, आता लांब उडी मारते. चांगली मारते म्हणे. का सोडलं, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, उडीला कोणाच्या बाराची वाट बघायला लागत नाही.