शेवटचा हातभर तंगूस

आमच्या रत्नागिरीत जहाजावरचा माणूस घरी आला की त्याला दोन प्रश्न एका दमात विचारतात. कधी आलास, नि कधी जाणार? पहिल्याचं उत्तर देऊन होत नाही तोच दुसरा पुढ्यात उभा. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. माझं सगळं तारुण्य आणि त्यापुढचीही बरीच वर्षं डेकवर गेली, तेव्हा हे प्रश्न मी दर सुट्टीत ऐकले आणि दर सुट्टीत हसून उत्तरं दिली. या खेपेला मात्र पावसाच्या आधी घरी आलो तो दसरा उलटला तरी घरीच. कंपनीचं म्हणणं एवढंच होतं, की दिवाळीनंतर मुंबईला येऊन तपासणी करून घ्या, डोळे नीट असले तर लगेच जहाज देतो. डोळे नीट नव्हते. हे मला ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

घरात मला जागा नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. घर माझ्याच पगारातून बांधलेलं, चिऱ्याचं, पुढे ऐसपैस खोली. मुलगी सासरी गेली, मी समुद्रावर, तेव्हा बायकोने त्या खोलीत शिवणाचं मशीन मांडलं. आता अर्ध्या वाडीचे ब्लाउज तिथे शिवून होतात. दिवसभर बायकांची ये-जा. कुणाचं माप चाललेलं, कुणी साडीला फॉल लावायला आलेली. मला पुढच्या दाराने आत जायचं तर अंगणातूनच खाकरायचं, मग आतून "थांबा हां!" असा हुकूम यायचा, की मी आपला पायरीवर उभा. माझी आरामखुर्ची त्याच खोलीत खिडकीपाशी होती, पण तिच्यावर कायम कापडांचा ढीग. एकदा मी तो उचलून खाली ठेवला, तर बायको म्हणाली, "अहो, त्यात लग्नाच्या साड्या हायत. जमिनीवर काय ठेवताव?" मी ढीग परत खुर्चीवर ठेवला आणि मागच्या पडवीत गेलो. पुढचे महिने तिथेच काढले, नारळाच्या सोडणांशेजारी. जहाजावरच्या केबिनला निदान खिडकी होती.

पडवीत मला सोबत होती एका काठीची. मागच्या एका जहाजावरचा म्हातारा चीफ इंजिनियर निवृत्त होऊन उतरला, तेव्हा जाताना त्याने ती मला दिली होती. गरवायचीच काठी, म्हणजे गळाने मासे धरायची, पण आपल्याकडच्यासारखी नाही. हिला शिसं लागत नाही, कोळंबीचा चारा लागत नाही. गरीला पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी असते, ती फुंकर मारली तर उडेल. वजन असतं ते दोरीत. जाड पोपटी दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवायची आणि अलगद पाण्यावर सोडायची. ही दोरी आणि माशी यांच्यामध्ये तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा बांधतात, त्याला लीडर म्हणायचं. सगळी मेख त्या लीडरमध्ये आहे. दोरीकडे तो जाड असतो, मध्ये मध्यम, आणि माशीकडचा शेवटचा हातभर तंगूस अगदी बारीक. तसा केला तरच माशी पाण्यावर नीट उतरते आणि माशाला संशय येत नाही.

इंजिनियरने दिलेले तयार लीडर संपले, म्हणून मी मिरकरवाड्यातल्या दुकानात तंगूस आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, काय गरवायचंय? मी म्हटलं, खजुरा, नाहीतर तांबोशी. आणि खिशातून माशी काढून दाखवली. तो ती तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला.

"कोंबडीच्या पिसाला खजुरा येतो, मग आमी बोटी कशाला ठेवल्या?" म्हणाला.

मी सगळ्यात जाड तंगूस घेतला. आता यात निवड खरंच अवघड असते. पावसानंतर भाट्याच्या खाडीचं पाणी निवळतं, जाड तंगूस दिसला की मासा पाठ फिरवतो. म्हणून बारीक हवा. पण तिथल्या दगडांना कालवं चिकटलेली, त्यांची धार ब्लेडसारखी, बारीक तंगूस नुसता घासला तरी गेला. म्हणून जाड हवा. जाणकार माणूस पाणी बघून मधला मार्ग काढतो. मी काढला नाही. दोरीपासून माशीपर्यंत एकच जाड तंगूस बांधला. त्याला दोन कारणं होती. एक मी कुणालाही सांगितलं असतं: जहाजावरच्या माणसाला तुटणारी दोरी सहन होत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका बंदरात जहाज बांधायचा दोरखंड ताणाखाली तुटला आणि त्याच्या फटक्याने आमच्या सारंगाचा, म्हणजे डेकवरच्या मुकादमाचा, पाय गुडघ्याखालून तुटला. त्या दिवसापासून माझा हात आपोआप जाड दोरीकडेच जातो. दुसरं कारण असं, की बारीक तंगूस मला गरीच्या भोकात ओवता येत नव्हता. भोकच दिसत नव्हतं; जाड, ताठ तंगूस चाचपून तरी जायचा.

तो तंगूस बांधून गेलो त्या पहिल्याच दिवशी माशी पाण्याखाली बुडालेल्या खुंटाला अडकली. कधीकाळी जाळं लावायला ठोकलेला खुंट असणार, कालवांनी भरलेला. ओहोटी जोरात लागलेली. मी ओढतोय, खुंट सोडत नाही, आणि तो जाड तंगूस काही केल्या तुटेना. शेवटी तुटली ती पोपटी दोरी, मधोमध. अर्धी दोरी पाण्याबरोबर गेली. तशी दोरी इथे कुठे मिळायची? मी बांधावर बसलो आणि मोठ्याने शिव्या दिल्या, आणि त्या खुंटाला कमी, मला स्वतःलाच जास्त होत्या.

घरी आलो तेव्हा शेवटचं गिऱ्हाईक जाऊन बायको मागे पाणी तापवत होती. तिने काठी पाहिली, लोंबणारी दोरी पाहिली, आणि पिशवीत उरलेला तंगूस काढून दोन बोटांत चोळून बघितला. दोरा बघायची तिची तीच पद्धत आहे.

"हा कुणी निवडला?"

"मी."

"येवढा जाड कशाला?"

"तुटू नये म्हणून."

"मग काय तुटलं?" तिने दोरीकडे मान वळवली. "वायलच्या ब्लाउजला गोणपाटाचा दोरा घालून कुणी शिवतं का हो? ताण आला की आधी दोरा तुटायला हवा. उसवलेलं मी परत घालून देते. कापडच फाटलं तर काय घालून देऊ, माझं डोकं?"

मला राग आला. दिवसभर घराबाहेर काढतेस आणि वर अक्कल शिकवतेस, असंच काहीतरी मी बोललो. मग सारंगाची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती मी घरी कधी सांगितली नव्हती. बायको चुलीपुढे बसून ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "जहाज बांधायची दोरी वेगळी. ही मासा धरायची हाय."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून येताना माझ्यासाठी मध्यम नि बारीक असा दोन जाडींचा तंगूस आणला आणि संध्याकाळी उजेड असतानाच माझ्यासमोर पडवीत बसली. मी गाठी सांगत गेलो, ती बांधत गेली. उरलेल्या पोपटी दोरीला जाड तुकडा, त्याला मध्यम, त्याला बारीक. ताणायच्या आधी गाठ ओली करायची, नाहीतर तंगूस घासून पोळतो, हे मी सांगायच्या आत तिने गाठ जिभेला लावली होती. सुईत ओवताना दोऱ्याला लावते तशी. आम्ही दोघं हसलो. त्या पावसाळ्यापासून एकत्र हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

मग तिने गरी माझ्या हातात दिली. "ही तुम्ही ओवा."

मी तंगूस भोकापाशी नेला. बाजूला गेला. परत नेला, परत बाजूला. गरीचा आकार दिसत होता, पण मधोमध राखाडी डाग, आणि जिकडे बघावं तिकडे तो डाग आधी जाऊन बसलेला. मी बोटांनी चाचपून बघितलं. थोड्या वेळाने तिने गरी माझ्या हातातून काढून घेतली, एका दमात ओवली आणि म्हणाली, "उजेड कमी झालाय." पडवीत लख्ख ऊन पडलं होतं.

रविवारी मशीन बंद असतं. ती छत्री घेऊन माझ्याबरोबर खाडीवर आली आणि बांधावर बसली. भरती भरत आली होती. अर्ध्या दोरीने जमेल तेवढं लांब मी फेकत होतो, आणि माशी कुठे पडली ते ती मला सांगत होती: डावीकडे, कांदळाच्या झाडांजवळ, आता थोडी ओढा. तिने "घेतली!" म्हणायला आणि माझ्या हाताला हिसका बसायला एकच गाठ पडली. तांबोशी असावी. ती सरळ कांदळाच्या मुळांत घुसली. काठी वाकली, दोरी सणसणली, मला बंदरातला तो दोरखंड आठवला, मी डोळे मिटले. आणि टिच् असा बारीक आवाज होऊन सगळं सैल पडलं. कुणाला काही झालं नव्हतं. दोरी शाबूत, काठी शाबूत, लीडरही जवळजवळ सगळा. गेला होता तो फक्त शेवटचा हातभर तंगूस आणि माशी.

मी दोरी गुंडाळत तिच्याजवळ येऊन बसलो.

"किती दिसतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. साखरेच्या आजाराने डोळ्याचा मागचा पडदा गेलाय, असं मागच्या खेपेला एका बंदरातला डॉक्टर म्हणाला होता.

"मुंबईत नापास झालो तर?" मी म्हटलं.

ती खाडीकडे बघत म्हणाली, "खोटं कशाला सांगू? तुम्ही घरात असलाव की मला जड जातं. येवढी वर्षं मी एकटीने घडी बसवलीय. पण तुम्ही गेलाव की फोन वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो, तेही खोटं नाय." मग छत्री मिटून उठली. "चला. भात टाकायचाय."

मला याहून काहीतरी गोड ऐकायचं होतं, हे कबूल करतो. पण त्या दिवशी घरी चालताना बऱ्याच महिन्यांनी मला वाटलं, की निदान आमच्यात आता काही झाकलेलं नाही.

दिवाळीनंतर मुंबईला गेलो. डॉक्टर तरुण होता, चांगला वागला. भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरची मोठी वाचली, खालची मी आठवून म्हणायचा प्रयत्न केला, कारण इतक्या वर्षांत ती पाठ झाली होती. त्याने मला थांबवलं आणि म्हणाला, काका, आता पुरे. जहाजाचा विषय तिथेच संपला. परतीच्या एसटीत मी घरी फोन केला नाही. काय सांगणार? पुढे उरलेलं सगळं आयुष्य त्या पडवीत बसायचंय, एवढंच घाट उतरेपर्यंत डोक्यात घोळत होतं.

सकाळी अंगणात पोचलो आणि सवयीने खाकरलो. आतून हुकूम आला नाही. बायको दारात आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाली. आत शेजारची वहिनी होती, तिचं माप होऊन गेलं होतं, पदर सारखा करत होती. मला बघून हसली.

"भावजी, कवा आलाव? नि परत कवा जानार?"

मी हसायला तोंड उघडलं.

"आत्ताच आलेत," बायको म्हणाली. तोंडातल्या टाचण्या काढून तिने डबीत ठेवल्या. "नि आता नाय जायचे."

मी तिला एक शब्द सांगितला नव्हता. हायसं वाटायला हवं होतं, पण बाहेरून कुणी कडी लावावी तसं वाटलं. बायकोने खिडकीपाशी जाऊन माझ्या खुर्चीवरचा कापडांचा ढीग उचलला आणि तो ठेवायला इकडे-तिकडे बघितलं. टेबलावर जागा नव्हती, कपाट भरलेलं, जमिनीवर ती ठेवणार नव्हती. शेवटी ढीग पोटाशी धरून ती मशीनच्या स्टुलावर बसली. सगळ्या साड्या मांडीवर घेऊन, मशीन बंद ठेवून.

"बसा," ती म्हणाली.